खळग्यातली वाळू

किलफार्नचा दगड नाहीसा झाल्याचं कळलं, तेव्हा आशिष काळमेघला सगळ्यात आधी लाज वाटली. काळजी, आश्चर्य वगैरे मंडळी मागाहून आली.

खरं तर लाजायचं काही कारण नव्हतं. दगड त्याने घेतला नव्हता. पण गावच्या समितीत तो एकटाच परका, आणि परक्या माणसाची एक गंमत असते. गावात कुणाचं काही हरवलं की तो आधी आपलेच खिसे चाचपतो. आशिष आयर्लंडमधल्या या गावात राहायला आल्यापासून तेच करत होता.

म्हणून त्याने डब्लिनजवळच्या ल्यूकनला सुलेखाताईंना फोन लावला. सुलेखा भागवत म्हणजे तिकडच्या मराठी मंडळाच्या 'डिटेक्टिव्ह बाई'. एका विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडता पकडता त्यांनी स्वतःचं लायसन्स काढलं होतं. कार्यक्रमात त्या स्टेजपेक्षा माणसांकडे जास्त बघतात, अशी त्यांच्याविषयी तक्रार होती.

"दगड?" त्यांनी विचारलं.

"हो. नारळापेक्षा जरा मोठा, गोल. ताई, हसू नका."

"हसत नाहीये. दगडासाठी माणसं काय काय करतात ते मी पाहिलंय. उद्या जेवायला येते."

२०१७ चा ऑगस्ट होता. सुलेखाताई आल्या तेव्हा भार्गवी, आशिषची बायको, पानं मांडत होती. ती कासलबारच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि आज तिला सुट्टी होती.

"ताई, ताक नाही हं," ती म्हणाली. "काल दह्याचं भांडं रिकामंच सापडलं."

"म्याच खाल्लं," गॅसपाशी उभ्या असलेल्या आशिषच्या आईने वळूनही न बघता सांगितलं.

"तुम्ही? दह्याने तुमचे गुडघे धरतात ना?"

"खावंसं वाटलं."

अलकनंदाबाई जूनमध्ये अकोल्याहून आल्या होत्या. बोलणं अस्सल वऱ्हाडी. आशिषने पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच वर्षी 'मले-तुले' जिभेवरून खरवडून काढलं होतं, त्यामुळे कुणी पुण्याचं माणूस घरी आलं की आईने तोंड उघडताच तो घाईघाईने दुसरं काहीतरी बोलू लागे. आताही त्याने सुलेखाताईंना भाजी वाढायला घेतली.

आई आली त्याच आठवड्यात तो तिला गाव दाखवायला घेऊन गेला होता. संताच्या विहिरीपाशी तिने चपला काढल्या आणि त्या दगडापुढे वाकायला लागली. तेवढ्यात समोरून पबवाला डेक्लन येत होता. आशिषने तिचा दंड धरून तिला सरळ उभं केलं. जरा जोरातच धरला असावा. "आई, हे आपलं गाव नाही. लोक हसतात," तो म्हणाला होता. त्यानंतर तिने घरात विहिरीचं नाव काढलं नव्हतं. परवा रात्री जेवताना तिने 'त्या विहिरीपाशी' असं काहीतरी सुरू केलं होतं, तेव्हा तो "नंतर, आई" म्हणाला. नंतर म्हणजे कधी, हे दोघांनीही ठरवलं नाही.

जेवण झाल्यावर आशिष आणि सुलेखाताई मागच्या दाराने बाहेर पडली. पायरीवर आईचे कॅनव्हासचे बूट उलटे करून वाळत घातले होते.

"पाऊस कधी पडला होता रे?" सुलेखाताईंनी विचारलं.

"दोन-तीन दिवस टिपूस नाही. आमच्या मेयो परगण्यात ही बातमीच असते. आई रोज सकाळी फिरायला जाते ना, दवात भिजले असतील."

किलफार्नला आसपासचे लोक अजून 'इंग्लिश व्हिलेज' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. पेलम नावाच्या इंग्रज जमीनदाराने आपल्या देशातल्या खेड्याची आठवण म्हणून ते वसवलं. मधे चौकोनी हिरवळ, तिच्याभोवती एकसारखी दगडी घरं, टोकाला घड्याळ असलेला बाजारवाडा. पण विहीर पेलमच्या आधीची. एका संताची. तिच्या काठावरच्या खडकात एक खळगा आहे आणि त्या खळग्यात तो गोल दगड. गावकरी त्याला 'लोफ' म्हणत, म्हणजे संताचा पाव. ऑगस्टातल्या जत्रेला लोक विहिरीभोवती फेऱ्या घालत, दगड खळग्यात एकदा फिरवत आणि मनात काहीतरी मागत. पेलमने तो उचलून आपल्या बागेत नेला होता आणि गावाने रातोरात परत आणला होता, असंही सांगतात. ही सगळी माहिती आशिषनेच माहितीपत्रकासाठी लिहून काढली होती.

"जत्रा उद्याच आहे," तो म्हणाला. "विहिरीला कुंपण आहे, त्याच्या फाटकाची किल्ली मार्टिन नावाच्या एका म्हाताऱ्याकडे असते. त्याच्या वडिलांकडे होती, आजोबांकडे होती. काल सकाळी दगड गेला आणि कुलूप शाबूत. म्हणजे मार्टिनने तरी नेला, नाहीतर नेऊ दिला. आज संध्याकाळी बैठक आहे, किल्ली काढून घेणार त्याच्याकडून. मी चिटणीस. मागायची मीच आहे."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्या म्हाताऱ्याकडे दुसरं काही नाहीच आहे."

विहिरीपाशी डेक्लन वाट पाहत उभा होता. गावातल्या पबचा मालक आणि समितीचा अध्यक्ष. बाजारवाड्यात पर्यटकांसाठी दालन उघडायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि लोफ त्यात काचेखाली ठेवावा असा त्याचा आग्रह. मार्टिनने त्याला साफ नकार दिला होता.

"बघा काय चेष्टा आहे," डेक्लन म्हणाला. "दगड नेला आणि वर माती टाकून गेला."

खळगा स्वच्छ पुसलेला दिसत होता. त्याच्या मधोमध मूठभर वाळू होती, करडी, बारीक, हाताने सपाट केलेली. कडेला पांढरा सुकलेला डाग होता.

"ही पक्ष्यांची कृपा," डेक्लनने डागाकडे बोट दाखवलं.

सुलेखाताईंनी वाकून त्या डागाचा वास घेतला. आशिषने मान दुसरीकडे वळवली. डिटेक्टिव्ह झाली म्हणून बाईने हे करावं, आणि तेही डेक्लनसमोर, हे त्याला पार अवघड झालं. त्यांनी मग वाळू चिमटीत घेतली. तिच्यात नखाएवढ्या शिंपल्यांचे तुकडे होते.

"अशी वाळू कुठे आहे इथे?"

"तळ्यावर. त्या कुरणापलीकडे," डेक्लन म्हणाला. "त्याचा काय संबंध?"

"तुम्ही दगडाला हात लावला होता अलीकडे?"

"मी? छे." त्याने हात खिशात घातले. पण त्याआधी त्याच्या नखांतला पांढरा चुनखडीसारखा थर आशिषलासुद्धा दिसला.

"रंगकाम चाललंय का?"

"पबचं," डेक्लन म्हणाला.

परतताना ते पबवरून गेले. भिंतीचे पोपडे जसेच्या तसे लोंबत होते. आशिषला ते दिसले, पण त्यातून काय घ्यायचं ते कळलं नाही.

त्या जमीनदाराचा पणतू, तोही पेलमच, सध्या गावात उतरला होता. साठीचा, सौम्य, आणि गावात शिरल्यापासून प्रत्येकाची क्षमा मागत फिरणारा माणूस. संशय आपल्यावर येणार हे त्याने गृहीतच धरलं होतं.

"आमच्या घराण्याने एकदा नेला होताच," तो ओशाळून म्हणाला. "पण मी फक्त बघायला आलो. आणि परवा बघून वाईट वाटलं."

"का?"

"त्याला तडा गेला होता. आरपार. कुणीतरी चिकटवला होता, कडेला डिंक दिसत होता. मी डेक्लनला सांगितलं. तो म्हणाला, तडा जुनाच आहे."

"जुना नाही," आशिष म्हणाला. "माहितीपत्रकासाठी मी वसंतात फोटो काढलेत. दगड अखंड होता."

सुलेखाताईंनी नुसती मान हलवली.

मार्टिनचं घर हिरवळीच्या कोपऱ्यावर होतं. त्याने चहा ठेवला. दूध, साखर, सोडा ब्रेड, सगळं टेबलावर मांडलं. मीठ एका छोट्या स्टीलच्या वाटीत होतं. असल्या वाट्या हल्ली डब्लिनच्या इंडियन दुकानांतून कुणीही आणतं, असं आशिषच्या मनात येऊन गेलं. सुलेखाताईंनी लोण्यावर मीठ घ्यायला ती उचलली, उंच धरून जरा बघितली आणि खाली ठेवली.

"काल सकाळी फाटक तुम्हीच उघडलंत?"

"रोज मीच उघडतो."

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"संध्याकाळी किल्ली काढून घेतील तुमच्याकडून. ठाऊक आहे ना?"

"मी बरा आहे," मार्टिन म्हणाला, आणि त्याने कप बशीवर ठेवून दिला. "त्या डेक्लनला सांगा, शोधाशोध करू नकोस. तो दगड आता परत यायचा नाही. चोरी-बिरी काही नाही झालेली." मग तो आशिषकडे वळला. "तुझी आई बरी आहे ना? सर्दी नाही ना झाली तिला?"

"बरी आहे," आशिष म्हणाला. म्हाताऱ्याच्या सौजन्याने त्याला उलट जास्तच शरमल्यासारखं झालं. दोन तासांनी याच्यापुढे हात पसरून किल्ली मागायची होती.

बाहेर आल्यावर सुलेखाताई थांबल्या. "बैठक विहिरीपाशी घ्यायची. डेक्लन, पेलम, मार्टिन, तू आणि मी. आणि आईंना घेऊन ये."

"आईला? तिचं काय काम? तिला इंग्लिश येत नाही, ती उगाच तिथे... ताई, तिला काही कळणार नाही."

"घेऊन ये," त्या म्हणाल्या.

ऊन कलतं झालं तेव्हा सगळे विहिरीपाशी जमले. आई नऊवारी नेसून आली होती. आशिषला तेही खुपलं. पाचवारी चाललं असतं.

"दोन गोष्टी घडल्या," सुलेखाताईंनी इंग्रजीत सुरुवात केली, "आणि आपण त्यांची एक समजून बसलो. आधी दगड फुटला. मग दगड गेला. फुटला कसा ते डेक्लन सांगतील."

"मला काय ठाऊक?"

"तुमच्या नखांत प्लास्टर आहे. पबला नवा रंग कुठेच नाही. पेलमनी तडा दाखवला तर तुम्ही तो जुना म्हणालात, आणि आशिषच्या फोटोत तो नाही. काचेखाली ठेवायला तुम्हाला खरा दगड मिळेना, म्हणून तुम्ही त्याचा साचा काढायला गेलात. बरोबर?"

डेक्लनने पेलमकडे पाहिलं, मग हिरवळीकडे. पेलमने नजर खाली घातली. दुसऱ्याला ओशाळलेलं बघायची त्याला सवय नसावी.

"हातातून निसटला," डेक्लन अखेर म्हणाला. "फाटक उघडं होतं, मार्टिन चहाला गेला होता. मी चिकटवून ठेवला. पण नेला नाही. आईशप्पथ नाही."

"नाही नेला. तुम्ही नेला असता तर वाळू ठेवली नसती." सुलेखाताई खळग्यापाशी गेल्या. "ही चेष्टा नाही. चेष्टा करणारा माती फेकतो. ही तळ्यावरून आणलीय, ओंजळीतून, सांडू न देता. त्याआधी खळगा पुसलाय. आणि हा डाग पक्ष्याचा नाही. आंबट वास येतो त्याला."

मग त्या आशिषकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "गणपती बोळवून घरी आल्यावर रिकाम्या पाटावर काय ठेवतात रे?"

"वाळू," आशिष पटकन म्हणाला. "नदीतली."

"आणि निघताना देवाच्या हातावर?"

दह्याचं रिकामं भांडं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग पायरीवरचे बूट. मग 'नंतर, आई'. अकोल्यात दरवर्षी घरचा गणपती घेऊन तो वडिलांबरोबर मोर्णा नदीवर जायचा, आणि येताना वाळू त्याच्याच मुठीत असायची. ती वाळू दोन दिवस सगळ्या गावाने बघितली होती. चिटणीसांनीही बघितली होती.

"माफ करा, बाई," मार्टिन मधेच बोलला. "इथेच थांबा. किल्ली घ्या माझी." त्याने खरंच किल्ली काढून पुढे केली.

"तुमच्या मिठाच्या वाटीवर मराठीत नाव कोरलंय, मार्टिन," सुलेखाताई हळू आवाजात म्हणाल्या. "अलकनंदा काळमेघ. आमच्याकडे भांड्यांवर नावं घालतात. शेजारी गेलेली वाटी परत यावी म्हणून. आणि सर्दीची चौकशी तुम्ही का केलीत, तेही कळलं. पाण्यात कोण उतरलं होतं, हे तुम्ही पाहिलं होतंत."

मार्टिनने टोपी काढली.

"जूनपासून रोज येते," तो म्हणाला. "मी फाटक उघडतो, ती बसते. वाटीत काहीतरी गोड आणते. बोलणं काही नाही, एकमेकांचं कळत नाही. परवा तिनेच मला तो तडा दाखवला. मला दिसला नव्हता, माझे डोळे गेलेत आता. काल तिने दगड पदरात घेतला, तळ्याकडे बोट केलं. मला कळलं. आमच्यातही आशीर्वाद दिलेली वस्तू मोडली की फेकत नाहीत, पुरतात. मी तिच्यामागून गेलो. ती गुडघाभर पाण्यात उतरली, तीनदा बुडवला आणि सोडला. मी काठावर प्रार्थना म्हटली."

"मग सांगितलं का नाहीस?" डेक्लन म्हणाला. "आम्ही तुला चोर ठरवलं असतं."

मार्टिनने आशिषकडे बघायचं टाळलं. "तिने सांगू नको म्हटलं. तिला दोन-तीन शब्द येतात इंग्लिशचे. 'सन. नो टेल.' मी त्या दिवशी इथेच होतो, जूनमध्ये. कसा दंड धरला होता तिचा, ते बघितलंय मी."

बाजारवाड्याच्या घड्याळाचे टोले पडले आणि थांबले. आशिषला वाटलं, आता आपण इथे नसतो तर बरं झालं असतं.

आईला शब्द कळले नव्हते, पण किल्ली कुणाच्या हातात आहे ते दिसत होतं. ती पुढे झाली.

"काय म्हणून राहिले हे? किल्ली काहून देऊन राहिला तो म्हातारा?"

"त्याच्याकडून काढून घेतायत, आई. दगडापायी."

"त्याचा काय दोष? सांग त्यांले. म्या नेला म्हणा. देवाले तडा गेला होता. भंगलेला देव ठेवत नसतात. उद्या जत्रा, बायामाणसं येतील, मागणं मागतील, अन् देव डिंकानं चिकटवलेला. हे बरं दिसते का?"

आशिषने इंग्रजीत सांगितलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटत होता.

"अन् हेही सांग, म्या चोरून केलं नाही. आधी घरात सांगाले गेली होती. पोराले सांगाले गेली होती."

त्याने तेही सांगितलं.

"पण पोराले माही लाज वाटते. मंग कोणाले सांगू?"

आई रागाने बोलली नव्हती. भाजीत मीठ कमी पडलंय, असं सांगावं तसं ती बोलली. चौघं आशिषच्या तोंडाकडे बघत होते. त्यांतल्या सुलेखाताईंना ते कळलं होतं, पण त्याही त्याच्या मदतीला आल्या नाहीत. आयुष्यभर त्याने आईचं बोलणं लोकांपुढे झाकलं, गाळलं, सावरून घेतलं. आताही तसं करता आलं असतं. 'ती दिलगीर आहे' एवढं म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

"ती म्हणते," आशिष म्हणाला, "की तिच्या मुलाला तिची लाज वाटते. म्हणून तिला सांगायला कुणी नव्हतं. आणि ते खरं आहे."

डेक्लनने पुढे होऊन मार्टिनचा किल्ली धरलेला हात हलकेच परत त्याच्या छातीशी ढकलला. "माझ्याच हातून फुटला," तो पुटपुटला. "उद्या जत्रेत मीच सांगेन सगळ्यांना." पेलम 'सॉरी' म्हणाला, कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही.

आईने आशिषची बाही ओढली.

"सांगितलं का त्यांले?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं सांगितलं, आई."

तिने त्याच्या तोंडाकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग खळग्यापाशी जाऊन तिने चपला काढल्या आणि वाऱ्याने कडेला सरकलेली वाळू बोटांनी पुन्हा मधोमध आणली. वाकून उठताना तिचा तोल जरा गेला. आशिषने तिचा दंड धरला, या खेपेला सांभाळून, आणि डेक्लनच्या समोर स्वतःच्या पायातले बूट काढले.